ओनोफ्रिओचा सात बेटांचा बेत

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, दोन किंवा फार तर तीन संध्याकाळी, सूर्य नेमका फिलिकुदी बेटाच्या मागे बुडतो. जिनोस्त्रा वाडीतल्या कुठल्याही ओट्यावरून ते दिसतं, पण बघत कोणी बसत नाही. त्या वेळी लोक कोंबड्या कोंडत असतात, नाहीतर चूल पेटवत असतात. कातेना मांदारानो मात्र शाल गुंडाळून ओट्यावर बसते. फिलिकुदी तिचं माहेर आहे.

‘‘बाबांच्या घरात दिवा लागला,’’ असं ती म्हणते आणि बेट काळं पडेपर्यंत उठत नाही.

त्याच संध्याकाळी तिचा नवरा ओनोफ्रिओ सरलेल्या वर्षाच्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान फाडतो, पाठकोऱ्या बाजूवर सात ठिपके काढतो आणि सहलीचा बेत आखायला घेतो. स्त्रोंबोली, म्हणजे आपलं बेट, पानारेया, सालिना, लिपारी, वुल्कानो, फिलिकुदी, आलिकुदी. सगळी बेटं पाच दिवसांत. लग्नाच्या दिवशी त्याने कातेनाला हे कबूल केलं होतं, त्याला शेहेचाळीस वर्षं झाली. बेत दर जानेवारीत ठरतो आणि मे संपेपर्यंत मोडतो. एके वर्षी वारा आडवा आला, एके वर्षी केपरच्या झुडपांना खारवायच्या कळ्या लवकर धरल्या, एके वर्षी पाण्याची टाकी गळायला लागली. एकदा कोंबडी खुडूक बसली म्हणूनही मोडला होता.

खरं कारण सगळ्या वाडीला ठाऊक होतं. ओनोफ्रिओ बहात्तर वर्षांचा आहे आणि तो आजवर एकही रात्र जिनोस्त्राबाहेर झोपलेला नव्हता. विधवा आईचा एकुलता एक म्हणून लष्करातली सक्तीची नोकरी त्याला माफ झाली. लिपारीला दाढ काढायला गेला, तर तोंडात कापूस धरून संध्याकाळच्या बोटीने परत आला. आमच्या डोक्यावरच्या ज्वालामुखीला आम्ही नाव घेऊन बोलत नाही, नुसतं ‘तो’ म्हणतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी वर डोंगरात एक दबका धमाका होतो आणि खिडकीची काच जराशी थरथरते. इथे जन्मलेला माणूस त्या आवाजाने जागा होत नाही. आवाज चुकला तर होतो. लग्न होऊन आलेल्या कातेनाने पहिला महिना उशीत डोकं खुपसून काढला होता, पण तिची गोष्ट वेगळी. ती दुसरीकडची होती, आवाजात झोपणं आणि आवाजाशिवाय झोपणं, तिला दोन्ही जमत होतं.

या वर्षी बेत मोडून चालणार नव्हतं. कातेनाच्या वडिलांचं घर तिचा भाचा एलिओ विकत होता. मिलानच्या कुणा जोडप्याने ते घेतलं होतं आणि जूनच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊ वाजता किल्ली त्यांच्या हातात जायची होती. कातेनाने नवऱ्याला एकदाच सांगितलं, ‘‘त्या घरात मला झोपायचंय. त्यानंतर तू म्हणशील तिथे मर, मी काही बोलणार नाही.’’

ओनोफ्रिओने बेत आखला तो असा. प्रत्येक ठिपक्यापाशी धक्का कुठे आहे ते काढलं आणि कुठल्या वाऱ्यात कुठल्या बाजूने बोट लागते त्याचे बाण काढले. पानारेयापुढे लिहिलं, ‘आग्नेयेचा वारा असल्यास उतरू नये.’ वुल्कानोपुढे, ‘पश्चिमेचा असल्यास पलीकडच्या बाजूने.’ काय बघायचं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. ते कातेनाने पेन्सिलीने भरलं. सालिनाला पावाबरोबर बर्फाचं लिंबू सरबत, लिपारीला चपला, वुल्कानोला गरम पाण्यात पाय.

शेजारचा नुन्झिओ खेचरावरून बोटीचं सामान वर आणतो. त्याने मार्चमध्ये तो कागद उलटासुलटा करून बघितला.

‘‘सगळं आहे रे,’’ तो म्हणाला. ‘‘झोपायचं कुठे ते नाही.’’

‘‘सालिनाला तिची मावसबहीण आहे. लिपारीला खोली मिळते.’’

‘‘मग लिही ना.’’

‘‘लिहितो.’’

‘‘त्यालाही घेऊन जा बरोबर,’’ नुन्झिओने हनुवटीने डोंगर दाखवला. ‘‘वाजवेल रात्रभर.’’

कातेना बरणीतल्या गेल्या वर्षीच्या केपरच्या कळ्यांना पुन्हा मीठ चोळत होती. ती मान वर न करता म्हणाली, ‘‘नुन्झिओ, तुझी बायको गेली तेव्हापासून तुझं खेचर तुझ्यापेक्षा शहाणं झालंय. त्याच्याशी बोल जा.’’

रात्रींची जागा जूनपर्यंत कोरीच राहिली.

ओनोफ्रिओच्या कामाबद्दल सांगायला हवं. जिनोस्त्राला धक्का नव्हता तेव्हा मोठी बोट लांब उभी राहायची आणि इथून वल्ह्यांची होडी जायची. चौतीस वर्षं ती होडी ओनोफ्रिओने नेली. माणसं, पोती, गॅसच्या टाक्या, एकदा शवपेटी, दोनदा पियानो. बोटीच्या दाराखाली होडी लावायची, माणसाला कोपराला धरायचं, लाटा मोजायच्या, तिसरी लाट उचलते तेव्हा ‘आता’ म्हणून वर लोटायचं आणि लगेच मागे सरायचं. मग हात वर करायचा. हात वर झाला म्हणजे सगळे चढले. वीस वर्षांपूर्वी धक्का झाला आणि होडी संपली, पण ओनोफ्रिओ धक्क्यावर येतच राहिला. म्हाताऱ्या बायकांना तो अजून कोपराला धरून चढवतो. कप्तान बदलले, बोटी बदलल्या, तरी जिनोस्त्राला दोर सोडण्याआधी खलाशी त्याच्या हाताकडे बघतात.

किल्ली द्यायच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी समुद्रात जराशी फुगी होती, लाटा संथ पण उंच येत होत्या. दोन पिशव्या, कातेनाचा निळा झगा, ओनोफ्रिओच्या अंगात लग्नातला नाही पण त्यानंतरचा कोट. नुन्झिओ खेचर घेऊन पिठाची पोती घ्यायला आला होता. बोट लागली. ती इथे दोन मिनिटं थांबते, फुगी असली तर त्याहून कमी. ओनोफ्रिओने पिशव्या आत दिल्या. कातेनाला कोपराला धरलं. पहिली लाट, दुसरी. तिसरीला तो ‘आता’ म्हणाला, तिला वर लोटलं, दोन पावलं मागे सरला आणि त्याने हात वर केला.

खलाशाने दोर सोडला.

बोट वळली, तेव्हा कातेना काचेमागे होती. ती नंतर म्हणाली, ‘‘मला वाटलं, मागच्या दाराने चढला असेल. पानारेया येईपर्यंत मी त्याच्यासाठी जागा धरून बसले होते.’’

धक्क्यावर ओनोफ्रिओचा हात अजून वरच होता. नुन्झिओ जवळ आला.

‘‘तू इथे काय करतोयस?’’

‘‘बोट सोडली.’’

‘‘ते दिसलं मला.’’ नुन्झिओने खेचराची दोरी खांबाला गुंडाळली. ‘‘हात विसरला की पाय घाबरले?’’

ओनोफ्रिओने पिठाचं एक पोतं खेचरावर चढवायला मदत केली आणि तो वर घरी गेला. भिंतीवरचा फोन वाजत होता.

‘‘चढलास का नाहीस?’’ कातेनाने विचारलं.

‘‘कळलं नाही.’’

पलीकडे पानारेयाच्या बंदरातला गलबला होता. मग ती म्हणाली, ‘‘तुझा धुतलेला सदरा माझ्याकडे आहे. कागद तुझ्याकडे आहे. पुढची बोट किती वाजता?’’

‘‘अकरा चाळीस. सालिना. पुढे उभी राहू नकोस, ओली होशील.’’

असे तीन दिवस गेले. ती बेटांवर फिरत होती आणि तो ओट्यावर बसून तिला बोटी सांगत होता. जिनोस्त्राच्या ओट्यावरून बेटं ओळीने दिसतात, वुल्कानो तेवढं लिपारीच्या आड लपतं. ओनोफ्रिओने ती आयुष्यभर पाहिली होती, वाऱ्याच्या हिशेबाने. पानारेया जवळ दिसलं की पाऊस, सालिनाची दोन शिखरं टोपी घालून बसली की उद्या होडी काढायची नाही. आता कागदाप्रमाणे ती ज्या वेळी जिथे असेल, त्या बेटाकडे तो तोंड करून बसायचा. उन्हात समुद्र पांढरा होत जायचा, बेटांचा खालचा काठ पुसला जायचा आणि ती पाण्यापासून सुटून वर तरंगायला लागायची. त्यातल्या एकावर कातेना चपला बघत असायची. नुन्झिओने त्याला विचारलं, काय दिसतंय. तो म्हणाला, ‘‘चढाची वाट आहे तिथे. तिचा गुडघा दुखत असेल.’’

संध्याकाळी फोन यायचा. पानारेयाला भिंती इतक्या पांढऱ्या आहेत, की डोळे मिटून चालावं लागतं. सालिनाची मावसबहीण जाड झालीय आणि कमी ऐकू येतं, त्यामुळे दोघी एकमेकींचं न ऐकता पोटभर बोलल्या. वुल्कानोला समुद्रातून बुडबुडे येतात, नासक्या अंड्यासारखा वास मारतो. तिथे ती पाण्यात पाय सोडून बसली आणि शेजारच्या जर्मन बाईने तिला अर्धा जर्दाळू दिला.

‘‘तुला झोप लागते?’’ ओनोफ्रिओने विचारलं.

‘‘दगडासारखी.’’

‘‘काहीच ऐकू येत नाही ना तिथे?’’

‘‘काहीच नाही. छान असतं.’’

बुधवारी ती फिलिकुदीला पोचली. फोन रोजच्यापेक्षा उशिरा आला.

‘‘एलिओने पलंग नेलेत,’’ ती म्हणाली. ‘‘जमिनीवर गादी टाकलीय. आईची कणकेची परात आहे अजून. वरची खोली लहान आहे रे. मला मोठी आठवत होती.’’

‘‘छत गळतं का?’’

‘‘गळू दे, त्यांचं आहे ते आता.’’ मग म्हणाली, ‘‘ओट्यावरून तुझं बेट दिसतं. एवढंसं. उपडा कप ठेवल्यासारखं, आणि वर चिमूटभर धूर. लहानपणी मी त्याच्याकडे बघून म्हणायचे, तिथे कोण राहत असेल.’’

ओनोफ्रिओने फोन कानाला धरूनच दारातून वर डोंगराकडे बघितलं.

‘‘शनिवारी नऊला किल्ली द्यायची. दोन दिवस आहेत. आलिकुदीला मी एकटी जाणार नाही. ये तू.’’

‘‘वारा फिरतोय. उद्या दुपारनंतर…’’

‘‘शेहेचाळीस वर्षं मी वारा तुझ्या तोंडून ऐकला. आता मी खिडकीत बसलेय. वारा नाही.’’

गुरुवारी सकाळी ओनोफ्रिओ तोच कोट घालून धक्क्यावर आला. कोंबड्या नुन्झिओकडे सोपवल्या. नुन्झिओने त्याला पाठीला हात लावून बोटीच्या दारापर्यंत नेलं आणि खलाशाला सांगितलं, ‘‘हा आत बसल्याशिवाय दोर सोडू नका. हात वर केला तरी.’’

लिपारीला बोट बदलून तो दुपारी फिलिकुदीला उतरला. कातेना धक्क्यावर नव्हती. वरच्या वाडीपर्यंत दगडी पायऱ्या आहेत. त्या त्याने मोजल्या नाहीत, पण तीनदा बसला. ती ओट्याचा कठडा चुन्याने रंगवत होती.

‘‘विकलेलं घर रंगवतेस?’’

‘‘घाण घर देऊ त्यांना? जेवलास का?’’

संध्याकाळी दोघं कठड्यावर बसली. पलीकडे ईशान्येला स्त्रोंबोली होतं, खरंच कपाएवढं. धूर निघत होता आणि आवाज नव्हता. ओनोफ्रिओने ते पुष्कळ वेळ पाहिलं. आवाजाशिवाय धूर त्याने कधी पाहिला नव्हता. तो इतकंच म्हणाला, ‘‘नुन्झिओने कोंबड्या कोंडल्या असतील.’’

गादीवर दोघं झोपली. निदान कातेना झोपली. सकाळी तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, झोपलो. डोळे लाल होते. तिने अंजीर कापून दिलं आणि विषय वाढवला नाही.

शुक्रवारी दहाच्या बोटीने आलिकुदी. सातवं आणि शेवटचं. पंचवीस मिनिटांचा प्रवास. ओनोफ्रिओने कागद काढून मांडीवर पसरला, धक्का कुठल्या बाजूला ते बोटाने दाखवलं, आणि बोट फिलिकुदीच्या बंदरातून बाहेर पडण्याआधीच त्याचं डोकं कातेनाच्या खांद्यावर आलं. तोंड उघडं होतं. कागद खाली सरकला तो तिने उचलून घडी करून पर्समध्ये ठेवला.

आलिकुदी आलं. खलाशाने दोनदा हाक मारली. कातेनाने ओठांवर बोट ठेवून मान हलवली.

‘‘उतरायचं नाही?’’ त्याने हळू आवाजात विचारलं. ‘‘बोट इथूनच परत फिरते, मावशी.’’

‘‘फिरू दे.’’

तिने काचेतून बेट बघून घेतलं. धक्क्यावर एक गाढव उभं होतं, त्याच्या पाठीवर दोन खुर्च्या उलट्या बांधलेल्या. वर एका ओट्यावर बाई चादर झटकत होती. चादर फुगायची, खाली बसायची, पुन्हा फुगायची. पायऱ्या सरळ आकाशात गेल्यासारख्या होत्या. मग बोट मागे सरली आणि बेट हळूहळू काचेच्या कडेला जाऊन संपलं. खांदा अवघडला होता, पण तिने हलवला नाही.

फिलिकुदीच्या धक्क्यावर तिने त्याला उठवलं. त्याने गालावरची वळ उमटलेली जागा चोळली आणि बाहेर बघितलं.

‘‘आलिकुदी आलं?’’

‘‘येऊन गेलं.’’

त्याने धक्क्याकडे, मग तिच्याकडे बघितलं. ‘‘कसं होतं?’’

‘‘चढ फार. तुला जमला नसता.’’

दोघं उतरली. अकरा वाजत होते. बंदरातल्या दुकानातून तिने पाव, टोमॅटो आणि चुन्याची आणखी एक पिशवी घेतली. ओनोफ्रिओने पिशवी खांद्यावर टाकली.

‘‘आता कुठे?’’ त्याने विचारलं.

‘‘घरी,’’ ती म्हणाली आणि वरच्या वाडीच्या पायऱ्या चढायला लागली. उद्या नऊपर्यंत ते तिचं होतं, आणि कठड्याची एक बाजू रंगवायची राहिली होती.