जुन्या गावातलं घर

धाराशिवात एक खोली रिकामी आहे असं कळलं, तेव्हा मी लेकीला घेऊन बघायला गेले. एक बेडरूम, स्वयंपाकघर, आणि शाळा, बाजार सगळं पायी जाण्यासारखं. घरमालकीणबाई उंबऱ्यात बसून सुपातली तूरडाळ निवडत होत्या. न बघताही त्यांच्या बोटाला खडा बरोबर सापडायचा.

"गाव कुठलं?"

"सास्तूर."

मग आडनाव विचारलं. माझं आडनाव सगळ्या समाजांत असतं. त्यांचं समाधान झालं नाही.

"भूकंपाच्या आधी, जुन्या गावात घर कुठल्या अंगाला होतं गं?"

गाव पडलं तेव्हा मी पाळण्यात होते. मारुतीच्या देवळाजवळ म्हटलं असतं तर किल्ली मिळाली असती. पण लेक ऐकत होती.

"वेशीबाहेर," मी म्हणाले.

त्यांचं बोट थांबलं. "खोली भाच्यासाठी ठेवलीय. ध्यानातच न्हाय राहिलं बघ."

लेकीला शाळेत सोडायला मी रोज तिथूनच जाते. खोलीला अजून कुलूप आहे. रस्त्यानं मी नेहमी मान खाली घालून चालते. त्या दारापुढं मात्र त्यांच्याकडं बघत जाते. त्या सुपावरून मान वर करत नाहीत.