गाणं वाजवायचं नाही

रात्रभर बर्फाळ पाऊस पडून सकाळी केंटकीचा तो सगळा डोंगर काचेसारखा झाला होता. दवाखान्याच्या दाराशी मीठ फेकून फेकून रोवीना कॉम्ब्सचे हात भेगाळले होते, आणि तेच मीठ लोक बुटांना लावून आत आणत होते. ती त्यांच्या मागोमाग फरशी पुसत होती. आठवा महिना सरलेला. वाकायचं म्हणजे आधी भिंत धरायची, मग कंबर.

छतातल्या भोंग्यातून अंगाईची धून आली. वर कुणीतरी मोकळी झाली होती. या दवाखान्याची ही रीतच. मूल जन्मलं की नर्स भिंतीवरचं बटण दाबते आणि तळघरात कपडे धुतात त्या धुलाईपर्यंत सगळ्यांना कळतं. हातातलं काम थांबतं, कुणी 'देव भलं करो' म्हणतं. इतकी वर्षं रोवीनाही म्हणत आली होती. आज तिनं नुसता पोछा पिळला.

दुपारी ती जेराल्डीनपुढं जाऊन बसली. जेराल्डीन बाळंतिणींच्या मजल्यावरची मोठी नर्स. रोवीनाची दोन्ही पोरं तिच्याच हातावर झालेली.

"बोल, कसं कसं करायचं?"

"पोर आधी माझ्याकडं द्यायचं. मग मी माझ्या हातानं त्या बाईला देईन. तुमी कुणी उचलून न्यायचं न्हाई."

ती बाई म्हणजे मेरिएन, लुईव्हिलला शाळेत शिकवणारी. नवऱ्याला घेऊन दोनदा येऊन गेली होती. दोन्ही वेळा रोवीनानं तिचे हातच बघितले होते.

"डेल्मर येणार?"

"त्याला जिना चढवतोय का? नळी नाकात घालून खाटेवर असतो." खाणीतला कोळसा तिच्या नवऱ्याच्या, डेल्मरच्या छातीत बसला होता. मूल त्याचंच होतं, आणि देऊन टाकायचं हे दोघांनी मिळूनच ठरवलं होतं. "दुसरं म्हंजे, गाणं वाजवायचं न्हाई."

"का गं?"

"गाणं वाजलं की धुलाईतल्या बाया वर येतील. आमची विल्मामावशी तर अनवाणी पळत येईल."

"अजून सांगितलं न्हाईस त्यांना?"

"सांगितलं तर म्हणतील, आमी सांभाळतो. आणि सांभाळतील पण, तीच भीती. या घरी एक हिवाळा, त्या घरी एक उन्हाळा. मी तशीच वाढले की." रोवीना नखानं हाताची साल काढत राहिली. "पोर होऊन तीन दिवस झाल्याबिगर दत्तकाच्या कागदावर सही चालत न्हाई म्हणतात. तेवढं मी एकटी टिकेन. मावशीपुढं न्हाई टिकणार."

जेराल्डीननं कोपऱ्यातली खोली तिच्यासाठी धरली आणि तिथल्या बटणावर स्वतः चिकटपट्टी लावली.

पण पोराला कुठं ठाऊक होतं. ते आधीच आलं, जेराल्डीनच्या सुट्टीच्या दिवशी. कोपऱ्यातल्या खोलीत दुसरीच कुणी होती. रोवीनाला समोरच्या खोलीत घेतलं. मुलगा झाला, रडला, आणि नव्या नर्सनं सवयीनं हात लांब करून बटण दाबलं.

"अहो बाई, नको म्हटलं होतं," रोवीना म्हणाली, पण तोवर भोंगे वाजायला लागले होते.

मेरिएनची गाडी घाटात बर्फापायी अडकली होती. विल्मामावशी मात्र वर पोचली. मागं धुलाईतल्या चौघीजणी, त्यांच्या हातात दुपट्यांचा ढीग आणि केक. मावशीच्या काखेत पिवळी विणलेली चादर.

"लपवून ठेवतेस व्हय गं, बये? एवढं पोट लपतंय कुठं? आमी काय आंधळ्या हाय?"

बाया हसल्या. रोवीनानं पोराला छातीशी धरलं होतं.

"मावशी, ह्याला मी देणार हाय. लुईव्हिलच्या लोकांना."

केकवाली बाई केक कुठं ठेवावा म्हणून इकडंतिकडं बघू लागली. मग दुपटी खुर्चीवर टाकून चौघीही हळूहळू दाराबाहेर सरकल्या.

"आमी काय मेलो व्हतो?" मावशी म्हणाली. "परक्याच्या दारात टाकतेस? आण इकडं. माझ्याकडं दे."

तिनं हात पुढं केले. सोड्यानं उललेले, ओळखीचे हात. रोवीनाची मिठी क्षणभर सैल झाली, खरंच झाली.

"मावशी, तुझ्याकडं मी किती राहिले?"

मावशी थांबली. "एक हिवाळा."

"मग?"

"तवा घरात सहा तोंडं व्हती. तुला ठाऊक हाय."

"ठाऊक हाय. मी तक्रार करत न्हाई. पण पिशवी भरताना तू म्हणलीस, दोन दिवसांसाठी जा. मी त्या घरी रोज दारात बसायचे."

मावशीनं हात खाली घेतले. दुपटी खुर्चीवर राहिली, चादर मात्र तिनं काखेतच ठेवली आणि तशीच निघून गेली.

मेरिएन आली तेव्हा दुपार झाली होती. रोवीनानं पोराचं डोकं कसं धरायचं ते दाखवलं आणि ठरल्याप्रमाणं आपल्या हातानं दिलं. मेरिएन काहीतरी म्हणत होती, रोवीना म्हणाली, "आता बसा तिकडं. उभ्यानं धरू नका."

पुढचे दिवस सरता सरेनात. दूध आलं. ते आटावं म्हणून छातीला कोबीची पानं बांधली तरी कपडे भिजत होते. मावशी पुन्हा वर आली नाही, आणि तिच्यामागं बाकीच्याही नाहीत. वकील कागद घेऊन आला त्या सकाळी रोवीनानं आधी हात धुतले, मग सही केली.

घरी डेल्मरनं नळी बाजूला करून विचारलं, "झालं?"

"झालं."

"कुणावर गेलाय?"

"नीट बघितलं न्हाई मी."

त्यानं पुन्हा नळी लावली. पोरं शाळेतून यायची वेळ होत आली होती. रोवीनानं वाळल्या घेवड्याची पिशवी फोडून दाणे परातीत ओतले आणि टेबलाशी बसून खडे वेचायला लागली.