आबांची कात्री सोन्याच्या मुलखात

जगातलं प्रत्येक झाड आपल्या हातून छाटलं जाण्यासाठीच वाढतं, अशी ठाम समजूत असलेला एकच माणूस मी पाहिला आहे आणि तो माझ्या सासरचा आहे. माझे चुलतसासरे, म्हणजे आमचे आबा, इंदापूर तालुक्यातले जुने द्राक्षबागायतदार. त्यांच्या वयाच्या माणसांच्या खिशात चष्मा असतो, आबांच्या बंडीच्या खिशात छाटणीची कात्री. आमच्या जळोचीच्या घरी आले की चहा होईपर्यंत ते अंगणात जातात आणि चहा पिऊन झाल्यावर मला माझं अंगण ओळखू येत नाही. फाटकावरची बोगनवेल त्यांनी एकदा गुडघ्याएवढी करून ठेवली. मी ओरडले तर म्हणाले, "सूनबाय, लई माजली हुती. आता बघ कशी फुटंल." फुटली, हे खरं. बारामतीला एका लग्नात अक्षता पडत असताना हे गृहस्थ कार्यालयाच्या दारातल्या कुंड्यांची झाडं नीट करत बसले होते. नवरीच्या बापाला वाटलं, डेकोरेशनवाल्याचा माणूस आहे. त्यानं त्यांना स्टेजमागची केळीही सरळ करायला लावली. आबांनी ती केली आणि मगच जेवायला बसले.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीनं मला आणि आबांना कॅलिफोर्नियाला बोलावलं. ती तिथं नोकरी करते आणि आबांची फार लाडकी. एरवी आबा ऑक्टोबरात गाव सोडत नाहीत, कारण आपल्याकडे द्राक्षाची फळछाटणी तेव्हाच. पण त्या साली छाटणीच नव्हती. बाग म्हातारी झाली, माल येत नाही, काढून ऊस लावू, असं त्यांच्या मुलांनी ठरवलं होतं. आबा भांडले नाहीत. "मी माघारी येतो, मग लावा जेसीबी," एवढंच म्हणाले आणि कात्री घेऊन निघाले. ती हातातल्या पिशवीत चालणार नाही, मोठ्या बॅगेत टाका, यावरून आमचं घरापासून विमानतळापर्यंत वाजलं.

मुलीनं आम्हांला डोंगराच्या पायथ्याच्या एका भागात नेलं. फार पूर्वी तिथं सोनं सापडलं आणि देशोदेशीची माणसं धावत सुटली. आता तो भाग वाईनसाठी प्रसिद्ध आहे. ओढ्यात पर्यटक हौसेनं परातीत वाळू घोळवत बसले होते. आबाही धोतर खोचून बसले. एक चमकता कण निघाला, तो त्यांनी शेजारच्या गोऱ्या बाईच्या परातीत टाकला आणि विचारलं, "सोनं सरल्यावर लोकांनी काय केलं?" मुलगी म्हणाली, "द्राक्षं लावली." "मंजी आदी येडी हुती, मग शानी झाली." पुढे वाईन चाखायच्या जागी गेलो. दारू आबांनी नरसिंहपूरला देवापुढं कधीच सोडलेली, त्यामुळे त्यांनी नुसता वास घेतला. पण लोक घोट तोंडात फिरवून बादलीत थुंकताना बघून त्यांचा जीव कळवळला. "थुकायचीच हाय तर पिकवायची कशापायी?"

आम्ही दोघी चीज खाण्यात गुंतलो तेवढ्यात आबा गायब. बाहेर बाग होती. मांडव नाही, तारा नाही, मांडीएवढ्या खोडांची ठेंगणी झाडं सुटी सुटी उभी. त्यातल्या सगळ्यात जाड खोडापाशी आबा, आणि पायाशी हिरव्या काड्यांचा ढीग.

"आबा, ही आपली बाग नाही!"

"म्हनून काय मरू द्यायची? आक्टोबर सरत आला आन् एकाबी येलीला कात्री न्हाय. मालक आजारी असंल."

मालक आजारी नव्हता. ती एक धडधाकट म्हातारी होती आणि टोपी सावरत पळत येत होती. तिथं छाटणी कडाक्याच्या थंडीत, पानं गळून गेल्यावर करतात. आणि तो वेल तिच्या पणजोबांनी लावलेला, जे सोन्यासाठी आले होते आणि ज्यांना ते मिळालं नव्हतं. मुलीनं हे सगळं मराठीत सांगितलं तशी आबांची मान खाली गेली. दोन्ही हातांवर कात्री ठेवून त्यांनी बाईपुढं धरली. "तिला सांग, बाय, माझी बाग ह्या येलीपुढं तान्हं पोर हाय, आन् मी ती म्हातारी म्हनून काढायला निघालोय."

बाईनं कात्री परत दिली. वेल फुटला की फोटो पाठवीन म्हणाली. फुटला नाही तर काय, ते कोणी विचारलं नाही.

गावी आल्यावर आबांनी मुलांना समोर बसवलं. "तिकडली फुटली तर हितली ऱ्हायची. न्हाय फुटली तर मी सोता जेसीबीवर बसतो." मुलं कबूल झाली, कारण दुसरा उपाय नव्हता. मग हिवाळाभर रोज सकाळी मला फोन. "आला का गं फोटू?" "आबा, तिकडं अजून थंडी आहे." "त्या बाईला म्हनावं, खत घाल."

फोटो एप्रिलमध्ये आला. काळं खोड आणि त्यावर पोपटी फुटवे. मी गाडी काढून इंदापूर गाठलं. आबांनी मोबाईल उन्हातून सावलीत नेला, बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ बघितला. मग थोरल्या मुलाला म्हणाले, "माणसं बोलीव. उन्हाळ्याची खरडछाटणी करायचीय."

बाग अजून आहे. आबांचा हात मात्र आता थरथरतो. कात्री खिशातच असते. ते मांडवाखाली खुर्ची टाकून दुसऱ्यांच्या छाटणीवर ओरडतात. जळोचीला येणं आता जमत नाही. आमच्या फाटकावरची बोगनवेल इतकी पसरली आहे की गाडी आत घेताना आरसा मिटावा लागतो. कापू का, म्हणून माळी सारखा विचारतो. मी त्याला सांगते, राहू दे, तिचा माणूस यायचाय.