शिक्षेचा रकाना

देवाचं खातं आमच्या घरी आईकडे होतं. बाबांकडे पोलाद प्लांटमधली कारकुनी, आणि माझ्याकडे निव्वळ वाद घालायची हौस. आई दर नवरात्रात डोंगरगडला डोंगरावरच्या बमलाईदेवीला जायची आणि मी तिला चिडवायचो, की एवढ्या पायऱ्या चढून शेवटी दिसतो तो दुसरा डोंगरच. तिला चिडवायला आमच्याकडे आणखी एक जुनी गोष्ट होती. लग्न होऊन ती यवतमाळकडून भिलाईत आली तेव्हा एका इमारतीवर 'शिक्षा विभाग' अशी पाटी वाचून तिने बाबांना विचारलं होतं, "इथी लोकाइले मारतेत का?" हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे तिला त्या दिवशी कळलं. असा मी थट्टेखोर माणूस, त्यामुळे हे लिहिताना जरा लाज वाटते. पण घडलं ते जसंच्या तसं सांगतो.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. जामुलकडून मोटारसायकलवर येताना भरदुपारी पोलिसांनी थांबवलं. त्यांना फक्त लायसन्स हवं होतं. ते काढायला मी पाकीट उपसलं आणि त्यातून गांजाची पुडी रस्त्यावर पडली. एवढीशी पुडी, देवळातून अंगारा बांधून आणतो तेवढी. ठाण्यात तिचं वजन झालं, पंचनामा झाला, माझ्या सह्या झाल्या. बाबा ड्यूटीवरून गळ्यातलं ओळखपत्रही न काढता तसेच आले. माल थोडा आणि गुन्हा पहिलाच, म्हणून त्याच संध्याकाळी जामीन मिळाला. ठाण्याबाहेर आल्यावर बाबांनी एकच विचारलं, "पुडी तुही होती का?"

"नाही. मित्राची होती. मले ठेवाले देल्ली होती," मी म्हणालो.

खरं तर पुडी माझीच होती. वर्षभर मी रोज ओढत होतो. पण खोटं इतकं सफाईने बाहेर पडलं की माझं मलाच नवल वाटलं.

आईने माझ्यावर लगेच विश्वास ठेवला. बाबांनी ठेवला नाही. ते बोलायचेच बंद झाले. ताटावर बसले की भाजीचं भांडं आईकरवी माझ्याकडे यायचं. टेबलावर माझा अप्रेंटिसशिपचा फॉर्म पडून होता. त्यात विचारलं होतं, कोणत्याही न्यायालयाने कधी दोषी ठरवलं आहे का. त्या ओळीपाशी आलो की मी फॉर्म पालथा घालून ठेवायचो. गल्लीत जीप वळली की मी पडद्याआड व्हायचो, आणि कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचो. भीती घालवायला पुन्हा तीच पुडी लागायची आणि ओढून झालं की भीती दुप्पट व्हायची. शेवटी दुर्गच्या कोर्टाचं समन्स आलं.

तारखेच्या दोन दिवस आधी मी कोणाला न सांगता लोकल धरून डोंगरगडला गेलो. भक्ती वगैरे काही नव्हती, सौदा करायचा होता. केस मिटव, पायऱ्या गुडघ्यांवर चढीन, असं वाक्य मी गाडीतच जुळवून ठेवलं होतं. गाभाऱ्यासमोर उभा राहिलो आणि म्हणायला लागलो, "आई, माझी काही चूक नसताना..." पोलिसांसमोर, बाबांसमोर, वकिलासमोर जे घडाघडा बोललो होतो ते तिथे घशात अडकलं. मागून लोक ढकलत होते. काही न मागता मी बाहेर आलो आणि सगळ्या पायऱ्या चिडचिड करत उतरलो. देवाने आपल्याला हात दिला नाही, एवढंच तेव्हा कळलं.

तारखेला बाबा ड्यूटीवर गेले. आई आली, पर्समध्ये देवीचा फोटो घेऊन. आमच्या ओळखीच्या वकिलाने कोर्टाच्या आवारातच एक कागद पुढे केला. "कबूल कर लो, जुर्माना भरो, दोपहर तक घर." गुन्हा कबूल करून, दंड भरून सुटका इतकी सोपी असेल तर हवीच होती. आईने मान डोलावली. मी पेन घेतलं, पण टोपण काढताना ते निसटून खाली पडलं.

ते उचलायला वाकलो तेव्हा शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "ऐ बाबू, दस्तखत झन कर. पहिली पढ़ त ले."

सही करू नकोस म्हणणाऱ्या त्या बाई झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देत होत्या. साठीच्या असाव्यात, कानामागे पेन, पुढ्यात शिक्क्यांचा डबा. आमचे वकीलसाहेब वैतागून म्हणाले, "सोच लो, मैं आता हूँ," आणि चहाला गेले. बाईंनी हिंदीत समजावलं, की ही सही म्हणजे जन्मभराचा ठपका. समोरच्या खोलीत सरकारी मोफत वकील मिळतो, त्याला आधी भेट. त्यांनी त्यासाठीचा फॉर्म काढला आणि विचारू लागल्या. नाव सांगितलं. वय सांगितलं. मग त्या खाली मान घालूनच म्हणाल्या, "शिक्षा?"

पंचवीस वर्षं भिलाईत राहिलेली माझी आई त्या क्षणी सगळी हिंदी विसरली. तिने टेबलाची कड धरली. "शिक्षा नका लिहू बाई! यानं काहीच नाही केलं. दुसऱ्याच्या पुडीपायी माह्या पोराले कावून शिक्षा? द्यायचीच असन तं मले द्या. माह्यं नाव लिहा तिथी."

एरवी मी पोट धरून हसलो असतो. बाईंना काही कळेना, त्यांनी पेन फॉर्मवरून उचललं. आई खरोखरच आपलं नाव सांगायला लागली होती. डोंगरगडला घशात अडकलं होतं ते तेव्हा सुटलं.

"आई, थांब. पुडी माहीच होती. मी रोज ओढून राहिलो. सालभर झालं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली. बाईंनी तिला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं आणि ओढायची खूण करून मला विचारलं, "रोज पीथस?"

"हव," मी म्हणालो.

"त इही बात वकील ला बता. इलाज कराबे, त कानून घलो सुनही."

उपचार घेशील तर कायदाही ऐकेल, असं त्या म्हणाल्या आणि तसंच झालं. व्यसन कबूल करून जो स्वतःहून उपचाराला जातो त्याच्यासाठी कायद्यात वाट आहे, हे नव्या वकिलाने सांगितलं. म्हणजे ज्या खोट्याला मी जिवाच्या आकांताने धरून बसलो होतो, त्यानेच ती वाट बंद केली होती. व्यसनमुक्ती केंद्रात जायच्या दिवशी बाबा गाडी काढून उभे होते. केंद्राच्या गेटापाशी म्हणाले, "आता खरं बोलला न, आता होते सगळं." ते महिने सोपे नव्हते. दोनदा मी पळून जायच्या बेतात होतो. पण उपचार पुरा झाला, कागद कोर्टात गेले आणि खटला तिथेच थांबला.

मग आईबरोबर पुन्हा बमलाईला गेलो. या वेळी मागायला काही नव्हतं. जे होतं ते सगळं सांगून टाकलं. पहिल्या खेपेला देवीने मला रिकाम्या हाताने परत पाठवलं असं मी समजत होतो. आता वाटतं, तिने माझं खोटं तेवढं घेतलं नव्हतं. शरण जाणं म्हणजे फार मोठं काही नसावं, लपवलेलं खाली ठेवणं एवढंच असावं. माझ्या आईच्या त्या चुकीच्या ऐकण्याचे उपकार मी कसे फेडू, मला माहीत नाही.

उतरून आम्ही प्रसाद घेऊन दुर्गच्या कोर्टात गेलो. वाटलं होतं, गोष्टींत होतं तसं त्या बाई तिथे नसतीलच. त्या होत्या, त्याच झाडाखाली. मात्र त्यांना मी अजिबात आठवलो नाही. "रोज कतका झन आथें, बेटा," म्हणाल्या; रोज येणाऱ्या इतक्या लोकांत कोण कोण लक्षात राहणार. प्रसाद कपाळाला लावून तोंडात टाकला, आणि आम्ही काही कामानेच आलो असणार असं समजून फॉर्म पुढे ओढला, कानामागचं पेन काढलं.

"नाम?" मी सांगितलं. "उमर?" तेही सांगितलं.

"शिक्षा?"

आईने माझं मनगट घट्ट धरलं.

"झाली, बाई," मी मराठीतच म्हणालो, आणि वाकून त्यांच्या पाया पडलो.