वानखडेंच्या बाहेरच्या खोलीतलं जपान

किस्से कुणी जमवायला जात नाही. ते वाट्यांसारखे असतात. एक कुणाच्या लग्नात मिळाली, एक बारशात, आणि एक दिवस कपाट उघडावं तर सगळ्या अंगावरच येतात. माझ्याकडचे तर बसल्या जागी जमले. जबलपूरच्या चेरीतालमधल्या आमच्या घराची स्वयंपाकघराची खिडकी वानखडेंच्या बाहेरच्या खोलीसमोर उघडते. मधे हातभर बोळ. मी कान देत नाही, ते आपोआप जातात.

त्या खोलीत शनिवार-रविवार तिघं बसतात. एक वानखडेंची केतकी, सिविल लाइन्समधल्या एका ऑफिसात नोकरी करते. दुसरा अनुज तिवारी, त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिसरी सलोनी जैन, गढ्याहून स्कूटीवर येते. तिघंही पंचविशीच्या आसपासचे आणि तिघंही जपानी ॲनिमे बघतात. मी पहिल्यांदा त्याला कार्टून म्हणाले, तेव्हा अनुजने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याच्या आईला नावं ठेवली.

यांचे बाकीचे दोस्त पुण्याला, बंगलोरला, इंदूरला निघून गेले. हे तिघं जबलपुरात उरले. केतकी मला एकदा म्हणाली होती, "काकू, हफ्ताभर ऑफिस इसी कमरे के लिए झेलती हूँ." ती खोली गेल्या वर्षी जायची वेळ आली होती. कशी, तेच सांगते.

*

मी मेथी निवडत होते. समोरून रडण्याचा आवाज आला. बाईचा, आणि पुरुषाचासुद्धा. हात पदराला पुसले आणि धावले. केतकी उशीत तोंड खुपसून बसलेली, अनुज नाक पुसून राहिलेला.

"काय झालं रे? कोण गेलं?"

"मास्टरजी नहीं रहे, काकी."

"अरे देवा. कसे गेले?"

केतकीला बोलवेना. "बच्चों को... बच्चों को बचाते हुए..."

आता आणखी काय विचारायचं? दोघांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि निघाले. टीव्ही चालू होता, पण दुःखाच्या घरात टीव्हीकडे कोण बघतं?

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. कसं कळलं ते सोडा. शुक्ला आंटी पांढरी साडी नेसून आल्या, मागून आणखी चार जणी. शोभाला, म्हणजे केतकीच्या आईला, कशाचाच पत्ता नव्हता. पण समोर बाया डोळे पुसताहेत म्हटल्यावर तिलाही रडू फुटलं.

वानखडे भाऊजी फॅक्टरीतून आले तर अंगणात चपलाच चपला. त्यांनी हेल्मेटही काढलं नाही.

"काहून जमल्या सगळ्या? कोण गेलं?"

सगळ्यांनी केतकीकडे पाहिलं. केतकीने टीव्हीकडे पाहिलं.

बाया गेल्यावर भाऊजी खोलीच्या दारात उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "या उन्हाळ्यात मी रिटायर होऊन राहिलो. त्याच्या आत ही खोली भाड्याने जाईल. जपान्यांचं सुतक पाळायला मी रिकामा नाही."

यात माझी काय चूक? मी काही जपानला गेलेली नाही.

*

सलोनीचं दुःख वेगळंच होतं. ती त्या दिवशी आली नव्हती, तिचे दोन भाग मागे राहिले होते. दुसऱ्या दिवशी ती गल्लीत स्कूटी लावते न लावते, तोच शुक्ला आंटींनी तिचा हात धरला. "बेटा, बहुत बुरा हुआ. बच्चों को बचाते-बचाते चले गए बेचारे."

सलोनी तिथंच स्टँडवर न लावलेली स्कूटी धरून उभी. मग तिने माझ्या खिडकीकडे पाहिलं. त्या नजरेने दूध नासलं असतं.

तेव्हा मला या मंडळींचे दोन कायदे समजले. पुढे काय होतं ते कुणाला सांगायचं नाही, त्याला ते स्पॉइलर म्हणतात. आणि कुठलीही सिरीज तीन एपिसोड पाहिल्याशिवाय वाईट म्हणायची नाही. नाहीच आवडली तर मग सोडायची, त्याला म्हणतात ड्रॉप.

दुसरा कायदा मला पटला. पहिला माझ्या तब्येतीला मानवणारा नव्हता. ज्या बाईने आयुष्यभर पुढे काय होणार तेच सांगितलं, तिने काय करावं?

अनुज मला समजवायला आला. "काकी, दो ही रास्ते हैं. या तो खिड़की बंद रखो, या अंदर आके पूरा देखो."

खिडकी बंद करणं शक्यच नव्हतं, माझा जीव गुदमरतो. मी आत जाऊन बसले.

*

बसले खरी, पण कळेल तर शपथ. अनुजचं म्हणणं, ॲनिमे जपानीतच ऐकायचं आणि खाली सबटायटल वाचायचे, नाहीतर पाप लागतं. सलोनी म्हणते, हिंदी डबिंग काय वाईट आहे. या एका गोष्टीवरून ते पोहे गार होईपर्यंत भांडतात. मला ते इंग्रजी सबटायटल "द" वाचेपर्यंत निघून जातात.

शेवटी केतकी माझ्या बाजूला बसून मला मराठीत सांगू लागली. आता या पोरीला मराठी सगळी समजते, पण आईने मराठीत विचारलं की उत्तर हिंदीत. शोभाची ही जुनीच तक्रार. तर पडद्यावर एक तलवारवाला पोरगा पावसात उभा राहून ओरडतोय, आणि केतकी सांगतेय, "तो म्हणून राहिला की मी माझ्या भावाचा... भावाचा..." आणि अडकली. तशीच स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "आई, बदला को अपने में क्या बोलते हैं?"

शोभाच्या हातात लाटणं होतं. ती पोळी टाकून दारापर्यंत आली आणि सगळा जीव एकवटून म्हणाली, "सूड! सूड घेईन म्हण!"

बाहेर दूधवाला भैया कॅन घेऊन उभा होता. तो दोन पावलं मागे सरला.

त्या दिवसापासून शोभा म्हणायला लागली की जपानी लोक संस्कारी दिसतात.

*

हे लोक सिरीज अशी सुचवतात, जशा आपण पोटदुखीवर गोळ्या सुचवतो. "तुला झोप येत नाही ना? ती स्वयंपाकवाली बघ." "बॉसने झापलं? मग फुटबॉलवाली." अनुज तर दुकानात फोन दुरुस्त करता करता गिऱ्हाइकाला विचारतो, "भैया, क्या देखते हो?" बिचारं गिऱ्हाईक स्क्रीन बदलायला आलेलं असतं, घेऊन जातं बारा तासांचा गृहपाठ.

त्याच्या आईने त्याला मुलगी दाखवली. घरी आल्यावर विचारलं, "कैसी लगी?"

अनुज म्हणाला, "अभी तो एक ही एपिसोड हुआ है, मम्मी."

ते मुलीच्या घरी पोचलं. मुलगी हसली म्हणे, आणि चक्क आणखी दोनदा भेटायला आली. एकदा कॉफीला, एकदा भेडाघाटला, सोबत तिची वहिनी. आम्ही सगळे खूश. शोभाने तर कुठली साडी नेसायची तेही ठरवलं.

तिसऱ्या भेटीनंतर मुलीचा मेसेज आला. "तीन देख लिए. ड्रॉप कर रही हूँ."

अनुज तो मेसेज आम्हाला दाखवत म्हणाला, "देखा काकी? नियम से चलती है. अच्छी लड़की थी."

*

हसण्यावारी दिवस गेले, पण भाऊजी खोलीचं विसरले नव्हते. त्यांनी भिंती रंगवायला चुनेवाला बोलावला. एका बँकवाल्याला भाड्याचं सांगून ठेवलं. सलोनी म्हणाली, आपण कॉफी शॉपमध्ये भेटू. अनुज म्हणाला, तिथं तीन तास कोण बसू देतं, आणि रडलो तर पोलीस येतील.

केतकी काही बोलली नाही. ती बापावर गेली आहे, बोलत नाही तेव्हाच भीती वाटते. सकाळी चहाच्या वेळी तिने विचारलं, आणि तेही मराठीत, "बाबा, फॅक्टरीत लॉट आला तर तुम्ही नुसता खोका पाहून रिजेक्ट करता का?"

भाऊजी इन्स्पेक्शनमध्ये. आयुष्यभर पास-नापास करण्यात गेलं. म्हणाले, "काहून खोका पाहून? सॅम्पल काढतो."

"मग आमचं सॅम्पल कुठं काढलं तुम्ही?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"तीन एपिसोड," केतकी म्हणाली. "पूर्ण पाहा. मग नापास करा, मी एक शब्द नाही बोलणार. खोली मीच रिकामी करून देईन."

मी खिडकीत होते. भाऊजींनी कपातला उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "मधे कोणी समजवायला यायचं नाही. मालाने आपलं आपण बोललं पाहिजे."

*

आता दाखवायचं काय? यावर जशी पंचायत बसली, तशी अनुजच्या लग्नासाठीही बसली नव्हती. अनुज म्हणाला, तलवारवाली. सलोनी म्हणाली, त्यात पहिल्याच भागात मुंडकं उडतं, अंकल त्याच मिनिटाला चुना मारायला घेतील. ती म्हणाली, फुटबॉलवाली. केतकी म्हणाली, बाबा क्रिकेटसुद्धा बघत नाहीत. अनुज-सलोनी एकमेकांच्या आवडीवर घसरले. अनुज सलोनीला म्हणाला, "तुम्हारा टेस्ट ही डबिंग वाला है." ती पर्स घेऊन उठली.

मी म्हटलं, "बस गं. मला सांगा, भाऊजींना तुम्ही कधी नीट पाहिलंय? मी पाहिलंय. त्यांच्या हातात काहीही येऊ दे, नारळ, नवा कुकर, खिडकीची चौकट, ते आधी बोटाने टकटक करतात आणि कान लावतात."

केतकीने माझ्याकडे पाहिलं. "बोगदा," ती म्हणाली.

ती सिरीज मी पूर्ण पाहिलेली होती. डोंगरातली एक छोटी रेल्वे लाइन, आणि बोगद्याची राखण करणारा एक म्हातारा. गाडीच्या आधी रोज कंदील आणि हातोडी घेऊन आत जातो, भिंतीवर ठोकतो, आवाज ऐकतो, आणि बाहेर येऊन हिरवा झेंडा दाखवतो. बस. तलवार नाही, फुटबॉल नाही.

अनुज म्हणाला, "बहुत स्लो है."

केतकी म्हणाली, "बाबा पण."

*

भाऊजींनी पहिला एपिसोड दाराजवळच्या खुर्चीवर बसून पाहिला, मांडीवर पेपर उघडा. हिंदी डबिंग लावलं होतं. अनुजने या घराच्या इज्जतीसाठी तेवढं सहन केलं. संपल्यावर भाऊजी फक्त म्हणाले, "हातोडी बरोबर धरली आहे." आणि गेले.

दुसऱ्याला पेपर घडी केलेला होता.

तिसऱ्याला पेपर नव्हता. त्या भागात म्हाताऱ्याला एका जागी आवाज वेगळा लागतो. वरचे साहेब म्हणतात, वय झालं, कान गेले, घरी बसा. म्हातारा तरी कंदील घेऊन आत जातो. आतून दगड पडल्याचा आवाज येतो. बाहेर झेंडा धरायला कोणी नाही. आणि संपलं.

भाऊजी उठले, चपला शोधल्या.

"झाले तीन," ते म्हणाले.

"मग, बाबा?"

"रविवारी दुपारी बँकवाले येऊन राहिले खोली पक्की करायला. बोलणं झालं आहे."

सलोनीने दुपट्टा डोळ्यांना लावला. केतकी उठली आणि रिमोट उचलून जागेवर ठेवला. म्हणाली, "रविवार दुपारपर्यंत तर आमची आहे ना? मग चौथा रविवारी दुपारी. सब लोग टाइम पे आना."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात रांगोळी काढत होते. भाऊजी दुधाची पिशवी घेऊन चालले होते, ते थांबले. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. विचारायची गरज पडली नसेल, मी सगळं न विचारता सांगते.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही ते पूर्ण पाहिलं म्हणे."

"हो, पाहिलं ना."

"तो म्हातारा," आवाज आणखी खाली गेला, "बाहेर येतो का?"

मला सगळं ठाऊक होतं. म्हातारा, कंदील, गाडी, शेवटपर्यंत. ओठांवर आलं होतं. ते गिळायला त्या क्षणी जेवढा जोर लागला, तेवढा दोन्ही बाळंतपणांत लागला नव्हता.

"मला नाही बा ठाऊक, भाऊजी," मी म्हटलं आणि रांगोळीचा ठिपका दाबून दाबून मोठा केला.

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुम्हाला ठाऊक नाही?" म्हणाले, आणि दूध घेऊन उलट्याच दिशेने गेले.

*

रविवारी दुपारी आम्ही सगळे वेळेवर. शोभानेही गॅस बंद केला. केतकीने चौथा लावला. नावं सरकत होती, तेवढ्यात भाऊजी आले. दाराजवळची खुर्ची सोडून सरळ दिवाणावर बसले, अनुज आणि सलोनीच्या मधे.

बोगद्यात अंधार. कुठूनतरी हातोडीचा आवाज, एकदा. मग काही नाही.

आणि बेल वाजली.

दार मीच उघडलं. बँकवाले होते, भले गृहस्थ, हातात खोव्याच्या जलेबीचा डबा. आत येऊन म्हणाले, "वानखडे जी, नमस्कार. तो कमरा पक्का समझें?"

भाऊजींनी पडद्यावरची नजर न काढता हात वर केला, फॅक्टरीत मशीन थांबवायला करतात तसा. बँकवाले थांबले. मग हळूच दाराजवळच्या खुर्चीवर बसले, डबा मांडीवर. त्यांनीही पडद्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने पुढे वाकून विचारलं, "ये बुज़ुर्गवार अंदर क्यों गए हैं?"

आम्ही सगळे भाऊजींकडे पाहू लागलो.

भाऊजींनी रिमोट उचलला आणि थांबवलं. म्हातारा अंधारात तसाच राहिला. ते पहिल्यांदा बँकवाल्यांकडे वळले.

"बीच से समझ में नहीं आएगा, भाई साहब. पहले के तीन देखने पड़ेंगे."

मग रिमोट केतकीच्या हातात दिला.

"पहिला लाव."