गोमाजीकाकांनी तुडवलेली माती

आमच्या आळीतले गोमाजीकाका माती पायाने ओळखायचे. चाळीस वर्षं ठाण्याच्या खाडीवरच्या मिठागरात खाडीचं पाणी सोडून त्यांनी चिखल तुडवला. तळ असा घट्ट करायचे, की थेंबाची खाली झिरपायची टाप नव्हती. १९९१ साली ते मिठागर बंद पडलं आणि काका घरी बसले. बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं, महिन्याभरात निम्मे झाले.

तेव्हा मीच त्यांना ठाण्यातल्याच खोपटजवळच्या एका प्रयोगशाळेत टिपणीस साहेबांकडे नेलं. साहेब गावोगावच्या मात्या तपासत होते. योग्य माती भाजून, दळून काँक्रीटमध्ये मिसळली, की सिमेंट कमी लागतं, कोळसा वाचतो, धूरही कमी होतो. नमुना चांगला निघाला तर माती आणायच्या कामावर काका कायमचे, असं ठरलं.

काकांनी खडवलीहून पांढुरकी माती आणून दिली. आठवड्याने निकाल लागला: मातीत मीठ आहे, सळ्या गंजतील, बाद.

टिपणीस चक्रावले. खडवली कुठे, खाडी कुठे! पुन्हा तपासली, पुन्हा मीठ. काकांना तर काहीच सुधरेना. शेत चुकलं? गोणी बदलली? भागीरथीकाकूंवर उगाच खेकसले, "तू गोनीन मीठ सांडलास काय गं?" काकू दोन दिवस बोलल्या नाहीत.

शेवटी साहेबांनी उरलेली माती काकांपुढे ठेवली. काकांनी चिमूटभर जिभेवर घेतली.

"सायेब, ही तं आमच्याच खाडीची चव हाय."

"म्हणजे?"

"माती मेल्यावानी व्हती, पायाला धरतच नव्हती. तशीच कशी द्याची तुमाना? खाडीचा पानी टाकून दोन दिस तुडवली."

"तुडवायला कुणी सांगितलं होतं?"

काकांना या प्रश्नाचंच नवल वाटलं. माती द्यायची ती तुडवूनच, हे काय सांगायचं असतं? मला विचाराल तर चूक साहेबांची. आहे तशी आणा, एवढं म्हणायला तोंड दुखलं असतं का?

दुसरा नमुना कोरडाच गेला आणि पास झाला. काका कायम झाले. अट एकच, मातीत पाय घालायचा नाही. साहेबांनी नवे बूट दिले.

पहिल्या दिवशी खडवलीच्या बांधावर काकांनी बुटाच्या टाचेने एक ढेकूळ दाबून पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आता मना माती समजनार कशी रं?"