दोन मापांच्या गाडीची स्टेपनी

त्यांना सगळे लिफ्टकाका म्हणत. चौतीस वर्षं इमारतींच्या लिफ्ट तपासण्यात गेलेली. "आमचे हे जन्माचे घाबरट," असं त्यांची बायको हसत सांगायची, पण ते तितकंसं खरं नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक मेकॅनिक म्हणाला, "ब्रेक मी बघितलाय, साहेब," आणि यांनी त्याच्या शब्दावर सही ठोकली. आठवड्याभरात ती लिफ्ट दोन मजले घसरली. आत एकच बाई होती. तिला खरचटलंही नाही, पण तिचं ओरडणं काकांच्या कानात कायमचं बसलं. तेव्हापासून दुसऱ्याने "बघितलंय" म्हटलं की हे स्वतः पुन्हा बघायचे.

मुलगी जनावरांची डॉक्टर. दर गुरुवारी डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर जायची. तिने सहकाऱ्याकडून एक जुनी गाडी घेतली, दिसायला ऐटबाज, मागची चाकं पुढच्यांपेक्षा चांगली रुंद. स्टेपनी नव्हतीच. तिच्या जागी पंक्चर बुजवणाऱ्या फेसाची बाटली आणि खेळण्यासारखा पंप.

"पंक्चर झालं की बाटली आत रिकामी करायची आणि निघायचं," मुलीने समजावलं.

"आणि टायर फाटला तर?"

"बाबा, तुम्ही पण ना!"

तिसऱ्याच गुरुवारी टायर फाटला. दुपारी दोनला तिचा फोन आला. मागच्या टायरची कड दगडाने चिरली होती. भरलेला फेस सगळा चिरेतून बाहेर येत होता. गाडी ऐन वळणावर, एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, आणि खडीचे ट्रक अगदी चाटून जात होते.

"बाबा, मी गाडीत बसू की बाहेर उभी राहू?" तिने विचारलं, आणि फोन तुटला.

काकांनी पुन्हा लावला, लागेना. वीस वेळा लावला, लागेना. आत बसली तर ट्रक मागून येऊन आदळेल. बाहेर उभी राहिली तर उभं राहायला जागा कुठे आहे? लाइन सुरू असती तरी आपण काय सांगितलं असतं, हेच त्यांना कळेना. बायको पाण्याचा पेला घेऊन शेजारी उभी होती. तो घ्यायचंही त्यांना सुचलं नाही. साडेचारला अनोळखी नंबरवरून फोन आला. एका ट्रकवाल्याने तिला खालच्या गावात आणून सोडलं होतं.

त्या रात्री त्यांचा डोळा लागला नाही. गाडी ओढून आणून तिला नवा टायर घातला, आणि पुढच्या बुधवारी ते स्टेपनीसाठी टायरच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

"मागच्या मापाचं चाक घ्या, काका," दुकानदार म्हणाला. "रुंद, दणकट. चारही ठिकाणी बसतं."

"तुम्ही पुढे लावून बघितलंय?"

"अहो, बघायचं काय त्यात?"

काकांना ते पटलं नाही. पण दुकानात ही गर्दी, आणि उद्या गुरुवार. त्यांनी चाक घेतलं, "नाही बसलं तर बदलून देणार ना?" असं तीनदा वदवून घेऊन.

सकाळी सहालाच त्यांनी गाडी जॅकवर चढवली. पुढचं चाक काढून नवं लावलं, बोल्ट आवळले, हाताने फिरवलं. छान फिरलं. बायको जिन्यातून बघत होती.

"अहो, चाक निवडताय, जावई नव्हे. पुरे आता."

"तू जरा आत बस. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरव."

तिने फिरवलं. काकांनी पुन्हा चाकाला हात घातला, तर आतून खर्रर्र आवाज आला. रुंद टायरची कड आतल्या पत्र्याला घासत होती. सरळ रस्त्यावर काहीच कळलं नसतं. कळलं असतं ते वळणावर, दरीच्या कडेला. काका तिथेच फरशीवर बसले.

मुलगी बॅग घेऊन खाली आली. "बाबा, उठा. एक गाय अडलीय, मला निघायला हवं."

"आधी दुकान."

"उशीर होईल."

"होऊ दे," ते म्हणाले. आणि ते रुंद चाक उतरवू लागले.

दुकानदाराला त्यांनी शटर उघडताच गाठलं. या वेळी पुढच्या मापाचं चाक चारही ठिकाणी लावायला लावलं. पुढे चपखल बसलं, ब्रेकला कुठे लागेना, पूर्ण वळवूनही घासेना. मागे लावल्यावर अरुंद दिसत होतं, पण टेपने मोजलं तर उंची मागच्या चाकाएवढीच.

"मागे लावावं लागलं तर हळू चालवायचं, आणि फक्त जवळच्या दुकानापर्यंत," दुकानदार म्हणाला. मग त्याची नजर रुंद चाकाकडे गेली. "काका, हेच माप मी आणखी दोघांना स्टेपनीला दिलंय." त्याचा चेहरा उतरला होता. वही शोधून तो घाईघाईने नंबर फिरवू लागला.

चाक डिकीच्या खळग्यात मावेना. जोरात ब्रेक लागला तर उडून पुढे येईल म्हणून काकांनी ते दोन पट्ट्यांनी करकचून बांधलं. औषधांच्या पेट्या मागच्या सीटवर गेल्या. मुलगी कुरकुरली, पण गेली. गाय वाचली, वासरू मात्र गेलं. उशीर झाला म्हणून का, हे काकांनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

चौथ्या महिन्यात पुन्हा मागचाच टायर गेला. तिने स्वतः चाक बदललं, हळूहळू गावापर्यंत आली, टायर दुरुस्त करून घेतला आणि संध्याकाळी जेवताना सहज सांगितलं.

"फोन का नाही केलास?" काकांच्या हातातला घास तसाच राहिला.

"केला असता तर तुम्ही इथे अर्धमेले झाला असता. तिथे रस्ता सरळ होता, बाबा. वीस मिनिटांचं काम."

काका हसले, पण तेव्हापासून त्यांना एक नवीच भीती जडली. गुरुवारी फोन वाजला नाही, तरी त्यांना आता सगळं ठीक असल्याची खात्री वाटत नाही.